विहिरीतला काळा थर आणि जुनं शेवाळ

प्रश्न: नमस्कार सर, आमचं घर राजापूर तालुक्यात, खाडीपासून जेमतेम अर्धा किलोमीटर. विहीर खणताना बारा-तेरा फुटांवर काळाकुट्ट मऊ थर लागला, आत पानं-काटक्या, वास कुजक्या अंड्यासारखा. आजोबा म्हणतात इथे पूर्वी खाडी होती. हे कळायचं कसं?

उत्तर: आधी तो गाळ फेकू नका! वर्णनावरून पीट वाटतोय, म्हणजे पाण्याखाली हवा न मिळाल्याने झाडपाला पुरता कुजलाच नाही, नुसता साचत गेला, आणि त्यात त्या वेळच्या पाण्यातलं बारीक शेवाळपण अडकून राहिलं. वास हायड्रोजन सल्फाइडचा, खाजणातल्या चिखलाला येतो तोच, पण नुसत्या वासावर जाऊ नका.

खरं काय ते शेवाळ सांगतं. एक म्हणजे डायटम, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं एकपेशीय शेवाळ. त्याचं कवच सिलिकाचं, काचेसारखं, डब्याला झाकण बसावं तसे दोन भाग आणि वर बारीक रेघा-ठिपक्यांची नक्षी, ती बघूनच जात ओळखतात, खाऱ्या पाण्यातल्या जाती वेगळ्या नि गोड्या पाण्यातल्या वेगळ्या. दुसरं स्पायरोगायरा, डबक्यात हिरवे बुळबुळीत केसांसारखे तंतू असतात ना, तेच. त्याचे जाड सालीचे बीजाणू हजारो वर्षं टिकतात, ते भरपूर मिळाले तर तिथे उथळ, साचलेलं गोडं पाणी होतं असं समजा. नेदरलँड्सचे संशोधक बास व्हान गील यांनी 1970च्या दशकात पीटमधले असले कण चिकाटीने नोंदवले, नाहीतर बरेचजण परागकण मोजून बाकीचं सोडून द्यायचे, केवढी माहिती वाया गेली असेल!

मात्र खाऱ्या पाण्यातले दोन-चार डायटम दिसले म्हणून लगेच खाडी म्हणू नका, भरतीबरोबर ते वाहत आत येतात, म्हणून एकेका नमुन्यात दोन-तीनशे तरी मोजायचे. आणि क्रम बघायचा. खाली गोड्या पाण्यातले नि वर खारे असतील तर समुद्र आत आला, उलट असेल तर कदाचित वाळूचा दांडा पडून खाडीचं तोंड बुजलं.

थराच्या तळापासून वरपर्यंत दर चार बोटांवर एक ढेकूळ घ्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळून खोली लिहा, उन्हात ठेवू नका. काटक्या वेगळ्या ठेवा, कार्बन-14ने वय त्यांच्यावरून काढता येईल. मग जवळच्या कॉलेजात बॉटनी किंवा जिऑलॉजीवाल्यांना दाखवा, आणि अर्धा नमुना डायटमसाठी बाजूला ठेवा असं आवर्जून सांगा, कारण परागकण वेगळे काढताना बऱ्याचदा हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरतात, त्यात डायटम विरघळून जातात. हे सगळं या आठवड्यातच करा, एकदा विहीर बांधून काढलीत की तो थर चिऱ्यांमागे गेला.