आधी फरक ओळखा, मग नंबर लावा

प्रश्न : ताई, माझा धाकटा भाऊ ब्रसेल्सला नोकरीला आहे. दिवाळीला येताना त्यानं तिकडच्या आंबट बिअरच्या पाच बाटल्या आणल्या. बूनची औडे ग्यूझ, औड बेर्सेलची औडे ग्यूझ, तिल्कँची औडे ग्यूझ, बूनचीच औडे क्रीक आणि रोडेनबाख ग्रां क्रू. आम्ही सहा मित्र आहोत. लेबलं झाकून पाचही चाखायच्या आणि एक ते पाच नंबर लावायचे असं ठरलंय. भाऊ आत्ताच म्हणतोय की तिल्कँच पहिली येणार. हे घरच्या घरी नीट कसं करायचं?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नंबर लावायचं थोडं बाजूला ठेवा. डोळ्यांना काही दिसत नसताना तुम्हा सहाजणांना यातल्या दोन बाटल्यांतला फरक तरी कळतो का, हे आधी बघून घ्या. ज्याला फरकच कळत नाही, त्यानं दिलेल्या पहिल्या-दुसऱ्या नंबराला काय अर्थ?

दूध संघाच्या प्रयोगशाळेत माझी 34 वर्षं गेली. चव घेण्याच्या कामावर नवी मुलगी आली की तिला ‘कुठलं दही चांगलं’ असं आम्ही कधीच विचारत नव्हतो. तीन वाट्या पुढं ठेवायच्या. दोन एकाच लॉटच्या, एक वेगळी. वेगळी कोणती, तेवढंच सांग. याला आम्ही ट्रँगल टेस्ट म्हणायचो. कित्येक हुशार मुली पहिल्या दिवशी चुकायच्या आणि महिनाभरात तयार व्हायच्या. तुमच्या बिअरलाही हीच रीत लागू पडते.

पाच बाटल्या एका रांगेत मात्र लावू नका. क्रीकमध्ये आंबट चेरी पडलेली असते. तिचा रंग झाकलात तरी वास लपत नाही, पहिल्या घोटाला सगळे ओळखतील. रोडेनबाखचं तर घराणंच निराळं. ती वेस्ट फ्लँडर्समधल्या रूसेलारे गावची, 1821 पासूनची. लाकडाच्या प्रचंड उभ्या पिंपांत मुरवलेली जुनी बिअर दोन भाग आणि ताजी एक भाग, असं ग्रां क्रूचं प्रमाण असतं. तिला थोडी गोडी असते आणि आंबटपणात शिरक्याची धार असते. ती प्यायल्यावर लगेच ग्यूझ तोंडात घेतलीत तर ग्यूझ उगीचच कोरडी आणि कडक लागेल. बासुंदीवर ताक प्यायल्यासारखं होईल ते. या दोन बाटल्या वेगळ्या दिवसासाठी ठेवा आणि लेबल बघत, गप्पा मारत प्या.

आता राहिल्या तीन ग्यूझ. खरी गंमत यांच्यात आहे. ग्यूझ म्हणजे एक, दोन आणि तीन वर्षं पिंपात मुरलेल्या लँबिकची सरमिसळ. लँबिक होते ब्रसेल्सच्या आसपास, सेन नदीच्या खोऱ्यात. गहू आणि बार्लीचा उकळलेला गोड काढा, ज्याला ते वर्ट म्हणतात, रात्रभर उघड्यावर निवत ठेवतात आणि हवेतले, लाकडातले जीव त्याला आंबवतात. बाहेरून यीस्ट घालत नाहीत.

मुलीकडे बेल्जियमला गेले होते तेव्हा अँडरलेक्टची काँतियों ही 1900 सालची जुनी भट्टी मी पाहिली. माडीवर, छपराखाली तांब्याची भलीमोठी उथळ परात. खाली पिंपांच्या रांगा आणि त्यांवर कोळ्यांची जाळी. फळांवर येणारी चिलटं कोळी खातात, म्हणून तिथं कोळी मारत नाहीत. आमच्या डेअरीत एक जाळं सापडलं तर मेमो मिळायचा! मी त्या पिंपांपुढं बराच वेळ उभी राहिले. आयुष्यभर ज्या जंतूंना बाहेर ठेवायला मी धडपडले, त्यांनाच इथं घरात जागा दिलेली. लँबिकमध्ये मध्येच एक काळ असा येतो की ती तेलासारखी दाट होते, तार धरते. नासलेल्या दुधाला सुटते तशीच तार. आम्ही असं दूध ओतून द्यायचो. ते लोक थांबतात. ब्रेटॅनोमायसिस नावाचं यीस्ट हळूहळू ती तार मोडतं आणि बिअर पुन्हा पातळ, स्वच्छ होते.

तुमच्या भावानं कळत-नकळत फार चांगली निवड केलीय. औड बेर्सेल 2005 मध्ये पुन्हा सुरू झाली तेव्हापासून त्यांचं वर्ट त्यांच्या पद्धतीनं बूनच्या भट्टीत करून घेतलं जाऊ लागलं. तिल्कँनी तर दुसऱ्यांचं वर्ट आणून, ते आपल्या पिंपांत मुरवून आणि मिसळूनच नाव कमावलं. ज्यांच्याकडून आणलं, त्यांत बूनही आहे. म्हणजे एका गवळ्याचं दूध तीन घरी गेलं, तिन्ही घरी आपापल्या गाडग्यात विरजण लागलं. दह्यात फरक पडणारच, पण किती आणि तो जिभेला कळतो का? तुमच्या टेबलावर हाच प्रश्न आहे.

म्हणून पहिल्या दिवशी फक्त बून आणि औड बेर्सेल घ्या. दोन्हींच्या 375 मिलीच्या बाटल्या असतील असं धरते. प्रत्येकाला तीन पेले द्यायचे. बूनला अ म्हणा, बेर्सेलला ब. सहाजणांना सहा वेगवेगळे क्रम द्या: अअब, अबअ, बअअ, अबब, बअब, बबअ. असं केलं की अ चे नऊ आणि ब चेही नऊ पेले होतात. पेल्यात 30 मिली ओतलीत तर दोन्ही बाटल्यांतून 270-270 मिली जाते आणि दोन्हींत शंभरेक मिली उरते. ती निकाल लागल्यावर सगळ्यांनी वाटून घ्यावी.

निकाल असा वाचायचा. डोळे मिटून अंदाजपंचे बोट ठेवलं तरी तिघांत एकाचं बरोबर येतं, म्हणजे सहांतले दोघं नुसत्या नशिबानं पास होतात. चौघं बरोबर आले तरी मी मानणार नाही, कारण तेही नशिबानं शंभरात दहा वेळा घडतं. पाच जण बरोबर आले तर मात्र तुमच्या पंगतीला फरक कळतोय असं खुशाल म्हणा. त्यानंतरच आवडनिवड विचारा, तीही ज्यांनी बरोबर ओळखलं त्यांनाच. तिल्कँची जोडी बूनशी, दुसऱ्या दिवशी लावा. बूनची बाटली मात्र नवी लागेल, कारण उघडी ग्यूझ रात्रीतून फेस सोडते आणि मग बिनफेसाची बिअर पोरसुद्धा ओळखेल. म्हणून भावाला पुढच्या खेपेला आणखी एक बून आणायला सांगा. प्रवाशाला दोन लिटरपर्यंत दारू बिनकरानं आणता येते, तेवढ्यात या पाच लहान बाटल्या बसतात.

माझं स्वतःचं कसं फसलं ते सांगते, म्हणजे तुमचं फसणार नाही. गेल्या थंडीत मुलगी आणि जावई आले तेव्हा आम्ही सहाजण बसलो होतो. मी लेबलांवर कागद गुंडाळले, पेल्यांना चिठ्ठ्या लावल्या, सगळं चोख. आणि बाटल्या उघडल्या त्याच खोलीत. एक बूच ‘टप्प’ करून मोठ्यानं उडालं, दुसरं नुसतं ‘फस्’ करून निघालं. जावयांनी पहिला आवाज ऐकला आणि म्हणाले, ‘ही आपली.’ झाकलेलं सगळं त्या एका आवाजानं उघडं पडलं. दुसऱ्या रात्री नव्या बाटल्या स्वयंपाकघरात दार लावून उघडल्या, तेव्हा सहांपैकी तिघांचं बरोबर आलं. जावयांचं चुकलं, माझंही चुकलं. 34 वर्षं दही चाखूनसुद्धा! आम्ही फरक सिद्ध झाला नाही असं वहीत लिहिलं आणि त्या रात्री कुणालाच नंबर दिला नाही.

पेल्यांवर 1, 2, 3 असं लिहू नका. एक म्हटलं की मन त्याला आधीच मान देतं. 417, 682, 935 असे तीन आकडी नंबर घाला. पेले स्टीलचेच घ्या, घरात असतात ते. रंग दिसत नाही, फेस किती ते लांबून कळत नाही आणि नाक आत घालायला तोंड पुरेसं रुंद असतं. एक गोष्ट सोलापूरकर म्हणून सांगते: पेले नव्या कोऱ्या टॉवेलनं पुसू नका. कोऱ्या टॉवेलला खळीचा वास असतो, तो स्टीलला धरतो आणि ग्यूझचा हलका वास त्याखाली दबतो. उकळून गार केलेल्या पाण्यानं विसळा आणि पालथे घालून वाळू द्या. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल त्या दिवशी तर हे कराच.

तोंड साफ करायला बिनमिठाची ज्वारीची भाकरी आणि पाणी. शेंगाची चटणी शेवटचा माणूस लिहून होईपर्यंत फडताळात राहू द्या. लसूण जिभेवर बसला की पुढचा अर्धा तास गेला.

थंडीत करा. गड्ड्याच्या जत्रेचे दिवस उत्तम, तोवर प्रवासात ढवळलेला गाळही तळाला बसेल. मे महिन्यात खोलीत 40 अंश असताना 30 मिली बिअर स्टीलच्या पेल्यात पाच मिनिटंही नीट राहत नाही, आणि शेवटच्याला पहिल्यापेक्षा वेगळीच चव मिळते. बाटल्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उभ्या ठेवा, दारात नको, तिथं त्या सारख्या हलतात. चाखायच्या आधी पंधरा मिनिटं बाहेर काढा. साधारण 12 अंशांना ग्यूझ बोलती होते. फ्रिजमधून काढल्या काढल्या फक्त आंबट आणि गार एवढंच कळतं.

शेवटचं आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते: लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. एकानं ‘लिंबू’ म्हटलं की सगळ्यांना लिंबू लागतं. प्रत्येकानं आपल्या घरातले शब्द वापरावेत. ग्यूझच्या त्या खास वासाला तिकडची माणसं घोड्याच्या अंगावरच्या झुलीची उपमा देतात. मला तो पावसात भिजून वाळत घातलेल्या घोंगडीचा वाटला, आमच्या शेतावरच्या मेंढपाळाच्या घोंगडीचा. त्यामागून मोसंबीची साल आली, आणि अगदी शेवटी जुन्या लाकडी पेटीचं झाकण उघडल्यासारखं काहीतरी. माझ्या मुलीला ओला कडबा आठवला. दोन्ही शब्द वहीत आहेत आणि दोन्ही खरे आहेत.

बिअर सहा-सात टक्क्यांची आहे. सगळ्यांची वयं 25 च्या पुढची असू द्या, परवाना जवळ असू द्या, आणि गाडी घेऊन आलेल्यानं त्या रात्री तुमच्याकडेच मुक्काम करावा.

प्रश्न : ग्यूझची बाटली उघडताच निम्मी फेस होऊन टेबलावर आली. तळाशी गाळही होता. बिअर खराब झाली होती का?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : बहुतेक नाही. सरमिसळीतल्या एक वर्षाच्या लँबिकमध्ये थोडी साखर शिल्लक असते, ती बाटलीत पुन्हा आंबते आणि फेस तिथूनच येतो. गाळ त्या यीस्टचाच. बाटली गरम असली किंवा नुकती प्रवासातून आलेली असली की ती अशी उसळते. एक पूर्ण दिवस उभी आणि गार ठेवा, बुचावर ओला रुमाल धरा आणि बूच सावकाश सोडा. तळाची बोटभर बिअर पेल्यात ओतू नका.

खराब झालेली बाटली वेगळी कळते. नेलपॉलिश पुसायच्या द्रावणासारखा वास नाकात चढला, घशाला शिरक्यासारखी जळजळ झाली, किंवा ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला, तर ती ओतून द्या. नुसती आंबट आहे म्हणून मात्र ओतू नका. लेबलावर ‘औडे’ हा शब्द असेल तर आत किमान तीन वर्षं पिंपात राहिलेली लँबिकही असते. त्या शब्दाला युरोपात 1997 पासून नियमाचं संरक्षण आहे.

प्रश्न : नवरा आणि त्याचे मित्र असंच काहीतरी करणार आहेत. मी पीत नाही, तर मला पेले भरायला बसवलंय. यात मी नक्की काय करायचं?
— एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : सगळं तुमच्याच हातात आहे, बाई. न पिणाऱ्या माणसानं भरलेले पेले सर्वांत विश्वासाचे. पण एक पथ्य पाळा: भरणारी तुम्ही आणि बाहेर नेऊन देणारी दुसरी कुणी असावी, सासूबाई म्हणा, मुलगी म्हणा, जिला कशात काय आहे हे माहीत नाही. तुम्ही स्वतः पेला पुढं केलात तर तुमच्या चेहऱ्याकडे बघून नवरा ओळखेल. वीस वर्षांच्या संसारात तेवढं कळतंच.

सगळ्या पेल्यांत सारखी बिअर पडावी म्हणून औषधाच्या बाटलीचं माप वापरा. एका बाटलीचे सगळे पेले आधी, मग माप विसळून दुसरीचे. झटपट भरा, नाहीतर पहिल्यांचा फेस उडून जाईल. वास मात्र जरूर घ्या, तो घ्यायला प्यावं लागत नाही, आणि तुम्हाला काय वाटलं तेही लिहून ठेवा. आमच्या प्रयोगशाळेत ताकाच्या वासावरून लॉट ओळखणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी ते ताक कधी तोंडालाही लावलं नव्हतं.

कुठल्या नंबराच्या पेल्यात काय, हे एका कागदावर लिहा. कागद पिठाच्या डब्यात ठेवा आणि शेवटच्या माणसानं पेन खाली ठेवेपर्यंत डबा उघडू नका, कितीही विनवण्या केल्या तरी.