बादलीवर बसणाऱ्या बाबांना

प्रश्न : मॅडम, मी भुसावळचा, रेल्वेत नोकरीला. माझी मुलगी १२ वर्षांची, सातवीत, शाळेच्या सॉफ्टबॉल संघाची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. यंदा संघ जिल्ह्यापर्यंत गेला. मी स्वतः कधी खेळलो नाही, पण मोबाइलवर व्हिडिओ बघून बरंच शिकलोय. ड्युटी सकाळची असली की संध्याकाळी क्वार्टरच्या मागच्या रस्त्यावर ४३ फूट मोजतो, रंगाच्या रिकाम्या बादलीवर बसतो आणि तिचे १२० चेंडू झेलतो. घरी दहातले सात बरोबर पडतात, सामन्यात मात्र वॉकवर वॉक, म्हणजे चार चेंडू चुकतात आणि समोरची बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जाते. हल्ली खांदा पुढून दुखतो म्हणते. माझी आई तेल चोळून देते आणि वर ‘पोरीच्या जातीला हे कशाला’ हेही ऐकवते. बायको म्हणते, तुमच्या बोलण्यानंच ती खेळ सोडेल. जपानची पिचर उएनो, तिनं ऑलिम्पिकमध्ये दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकले असं वाचलं. मग १२० जास्त कसे?
– एक बाबा

उत्तर : बाकी सगळं नंतर, आधी खांदा. डॉक्टरांना दाखवा आणि ते हो म्हणेपर्यंत तिच्या हातात चेंडू देऊ नका. आजींचं तेल चालू राहू दे, पण तेल चोळून लगेच मैदानात, हे बंद.

‘खालून तर टाकायचाय, त्यात खांद्याला काय होणार?’ हे मी गेली कितीतरी वर्षं ऐकतेय, क्रीडाशिक्षकांच्या तोंडूनही. विंडमिलमध्ये, म्हणजे सॉफ्टबॉलच्या या फेकीत, हात पूर्ण गोल फिरून कमरेपाशी येतो आणि तिथे सगळा वेग चेंडूला द्यायचा असतो. दंडातली बेटकुळी वर खांद्याला जिथे पुढून बांधलेली असते, तिथे तो ताण येतो. तुमची मुलगी बोट ठेवते ती जागा बहुतेक तीच.

मी नववीत असताना एका स्पर्धेत एकाच दिवशी तीन सामने टाकले. सर म्हणाले, तूच टाक, दुसरी आहे कोण? दुसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालायला हात वर जाईना. मी आरशासमोर तशीच उभी. आईनं काही न विचारता दोन्ही वेण्या घातल्या, रिबिनी बांधल्या. मी घरात सांगितलं, कुशीवर झोपले होते म्हणून अवघडलाय. खरं सांगितलं असतं तर पुढच्या फेरीत बसवलं असतं ना! तुमची मुलगी दुखतं म्हणून सांगते, हे नशीब समजा.

आता उएनो. २० ऑगस्ट २००८ला बीजिंगमध्ये तिनं दोन सामन्यांत ३१८ चेंडू टाकले, दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात ९५, आणि जपाननं अमेरिकेला ३-१ हरवलं. आकडा बरोबर आहे. पण ती तेव्हा २६ वर्षांची होती, हाडं पूर्ण भरलेली, आणि तो ऑलिम्पिकचा शेवट होता, दर संध्याकाळचा सराव नव्हे. शिवाय गोष्ट तिथे संपत नाही. २०२१ला टोकियोत ती ३९ वर्षांची होती. त्या अंतिम सामन्यात मध्येच तिला बसवून २० वर्षांच्या मिऊ गोतोला आणलं आणि शेवटच्या इनिंगला उएनो परत आली. सुवर्ण पुन्हा जपानलाच. मला विचाराल तर बाबांनी पाठ करायचा सामना हा.

अमेरिकेत लहान पिचरसाठी डॉक्टरांनी ज्या मर्यादा सुचवल्यात, त्यात १० ते १२ वर्षांच्या मुलीला एका सामन्यात ६५च्या आसपास चेंडू सांगतात. तुमचे रोजचे १२० त्याच्या जवळजवळ दुप्पट. खांदा बरा झाला की आठवड्यातून तीनच दिवस, आणि ५०-६०वर थांबा. सुरुवात २० फुटांवरून करा, ४३ फूट ही मोठ्या बायकांची रेघ आहे. मोजायचं काम आजींकडे द्या. वाटीत ६० चिंचोके. चेंडू पडला की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. वाटी रिकामी झाली की खेळ संपला, मग तुम्ही ‘आणखी दहाच’ म्हटलंत तरी आजी ऐकणार नाहीत. आणि हो, असं मोजायला बसल्यावर त्यांचं ‘पोरीची जात’ही हळूहळू मागे पडतं, हा माझा अनुभव.

वॉकचं. प्रत्येक चेंडूनंतर तुम्ही काय बोलता? मनगट, कोपर, पाय लांब, असंच ना? माझे वडील एसटीत कंडक्टर. त्यांनाही सॉफ्टबॉल येत नव्हता. ते डबा पालथा घालून बसायचे आणि नुसता आकडा म्हणायचे : सव्वीस, सत्तावीस. चुकला तरी अठ्ठावीस. तुम्ही शिकवत राहिलात तर ती सामन्यात चेंडू टाकण्याआधी झेलणाऱ्या कॅचरकडे नाही, तुमच्याकडे बघणार. पुढच्या सामन्यात लक्ष ठेवा, बघतेच आहे. शिकवणं तिच्या सरांवर सोडा.

घरी बॅटर नसतो, हेही कारण आहेच. बायकोला हेल्मेट घालून, बॅट घेऊन प्लेटपाशी, म्हणजे तुमच्या बादलीच्या पुढ्यात, उभं करा. बॅट फिरवायची नाही, नुसतं उभं राहायचं. पहिल्या दिवशी तुमच्या दहातल्या सातचे चार होतील.

रस्त्यावर खडूनं सरळ रेघ मारा, तिच्या पायापासून तुमच्या बादलीपर्यंत. ती उजव्या हातानं टाकत असेल तर डावा पाय रेघेवर किंवा रेघेच्या अगदी जवळ पडायला हवा. रेघ ओलांडून उजवीकडे गेला की कंबर आडवी येते आणि हाताला वळसा पडतो. चेंडू डोक्यावरून गेला तर उशिरा सुटला, जमिनीवर आपटला तर लवकर. हे तिला तुम्ही सांगू नका, तिला विचारा, तीच सांगेल. राइज बॉलचे, म्हणजे वर चढल्यासारख्या वाटणाऱ्या चेंडूचे, व्हिडिओ सध्या मिटून ठेवा. फास्ट आणि चेंजअप (तसाच हात फिरवून टाकलेला हळू चेंडू), दोन वर्षं एवढंच पुष्कळ.

सरांना भेटून आणखी एक मागा : संघात दुसरी पिचर. नाही म्हणाले तर वर्गातली एखादी धडधाकट मुलगी संध्याकाळी तुमच्या बादलीसमोर आणा आणि ६० चिंचोके दोघींत वाटा. तुमची मुलगी आधी रुसेल. रुसू दे.

बादलीवर बसताना कॅचरचा मास्क आणि लेगगार्ड घालता ना? माझ्या वडिलांनी कधी घातले नाहीत. माझा एक ड्रॉप बॉल, शेवटी एकदम खाली पडणारा, त्यांच्या डाव्या नडगीवर बसला होता, ती नडगी अजून पावसाळ्यात ठणकते आणि ते अजून आईला सांगतात, गाडीच्या पायरीवर आपटली होती म्हणून.