पुण्यात इंजिनीअरिंग करताना माउंटन बायकिंगला वेळ कसा काढावा?

मोठी राइड फक्त रविवारी ठेवा आणि आठवड्यात दोनदा पहाटे तासभरच सायकल चालवा, अभ्यास सांभाळून नक्की जमतं. मीही पुण्यात शिकतानाच चालवायचो, त्यावरून सांगतोय. रविवारी सिंहगडाचा घाट घ्या. दम वाढवायला झकास रस्ता आहे, पण उजाडताच चढायला लागा. उशीर झाला की गाड्यांची रांग लागते आणि उतरताना ब्रेकवरून बोटं काढता येत नाहीत. दुपारी जेवून पुस्तक उघडता येईल इतकीच ताकद खर्च करायची, हे महत्त्वाचं. खरा वेळ खातो तो पावसाळ्यातला चिखल. तो चेनमध्ये वाळला की गिअर अडकायला लागतात, मग ऐन सबमिशनच्या आठवड्यात दुकानाच्या चकरा सुरू होतात. म्हणून घरी आल्या आल्या आधी सायकलवर पाणी मारा, चेन फडक्याने कोरडी करून तेल सोडा, मग आंघोळ. एक मात्र पाळाच: ओरल आणि पेपरच्या दिवसांत डांबरी रस्त्यावर खुशाल चालवा, पण दगडगोट्यांचे उतार आणि उड्या पूर्ण बंद. पडताना माणूस आधी हात टेकतो, आणि मनगट दुखावलं तर अख्खा पेपर लिहिता येत नाही.