घरी सगळं येतं, मग पेपरात कुठे जातं?

"मॅडम, मुलगी दहावीला आहे. घरी विचारलं की घडाघडा सांगते. शाळेत पेपर हातात आला की म्हणते, काहीच आठवत नाही. पोटात दुखतं, रात्री उठून बसते. आम्ही तिला ओरडतसुद्धा नाही. मग भीती कसली?"

प्रश्न एका आईचा आहे, पण जानेवारी उजाडला की थोड्याफार फरकाने हाच प्रश्न राजापूर, लांजा, रत्नागिरी या पट्ट्यातून माझ्याकडे येत राहतो. कधी मुलगी असते, कधी मुलगा. कधी दहावी, कधी बारावी आणि तिच्या पाठोपाठ सीईटी नाहीतर नीट. शेवटी एक वाक्य मात्र ठरलेलं असतं: आम्ही काही दबाव टाकत नाही. ते बहुतेक वेळा खरंही असतं. दबाव टाकत नाहीत, पण सांगतही काही नाहीत. पोरांना पेपरापेक्षा पेपरानंतरचं जास्त खात असतं आणि त्याबद्दल घरात कुणी त्यांच्याशी धड बोललेलं नसतं, असं मला वारंवार दिसतं. यंदाच आलेल्या एका मुलीचं सांगते. शर्वरी म्हणू तिला. नाव आणि घरचे काही तपशील बदललेत, तिची आणि आईवडिलांची परवानगी घेतली आहे.

राजापूर तालुक्यातलं खाडीकाठचं गाव. वडिलांची हापूसची कलमं, थोडी स्वतःची, बाकी कराराने घेतलेली. आई काजूच्या कारखान्यात जाते. घरात आजी. सहामाहीला बीजगणितात ४० पैकी ३१ मिळवणाऱ्या या मुलीला पूर्वपरीक्षेत ९ पडले. अर्धा पेपर कोराच. तोवर पोटदुखीसाठी डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या देऊन झाल्या होत्या, देवाला गाऱ्हाणं घालून झालं होतं. शेवटी गणिताच्या बाईंनी तिला माझ्याकडे पाठवलं.

पहिला अर्धा तास आईच बोलली. मग मी त्यांना बाहेर बसायला सांगितलं आणि शर्वरीला विचारलं, "पेपर समोर होता तेव्हा डोक्यात काय होतं?"

"काहीच नाही, मॅडम."

"काहीच नाही म्हणजे?"

बराच वेळ ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. "आत्याच्या घराचा जिना."

आत्या कोल्हापूरला राहते. तो जिना बीजगणिताच्या पेपरात कुठून आला, हे तिलाही सांगता येईना. मीही लगेच खोदत बसले नाही.

आधी झोपेकडे वळले. ही मुलगी रात्री एकला झोपत होती आणि साडेचारला उठत होती, कारण पहाटे वाचलेलं लक्षात राहतं यावर त्या घराचा ठाम विश्वास. या वयाच्या मुलांना रात्री ८ ते १० तास झोप लागते. दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं बसतं ते झोपेतच. झोप कापून केलेला अभ्यास म्हणजे तोट्याचा व्यवहार, हे मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी कुणीतरी म्हणतं, "पण सगळीच पोरं पहाटे उठतात." उठू देत. शर्वरीची वेळ आम्ही साडेदहा ते साडेसहा अशी ठरवली आणि रात्रीचा चहा बंद केला.

दुसरी गोष्ट 'घरी सगळं येतं' याची. आई पुस्तक उघडून त्याच क्रमाने प्रश्न विचारते, मुलगी त्याच क्रमाने उत्तरं देते. गणितं तर सोडवलेली वाचूनच काढते. वाचलेलं पुन्हा वाचलं की ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं म्हणजे येतंय असा समज होतो. पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर, घड्याळ लावून लिहिता आलं तर ते खरं येणं. त्यात भीतीची भर. एका वेळी मनात मोजक्याच गोष्टी धरता येतात आणि गणित सोडवताना ती सगळी जागा लागते. तिथे काळजी येऊन बसली की पाठ असलेलं सूत्रही वर येत नाही. ते पुसलेलं नसतं. म्हणूनच पेपर संपवून बाहेर पडल्यावर, फाटकाजवळ, सगळं आठवतं आणि मूल आणखी रडतं.

गणिताच्या बाई भल्या. शनिवारी दुपारी त्यांनी वर्ग उघडून दिला. तोच बाक, भिंतीवर घड्याळ, दोन तास, पुस्तक दप्तरात. पहिल्या शनिवारी विसाव्या मिनिटाला शर्वरीने पेन ठेवलं. बाईंना मी आधीच सांगून ठेवलं होतं की तिला उठवायचं नाही आणि समजावायचंही नाही. ती डोळे पुसत बसली, मग सावकाश श्वास सोडला, आत घेतलेल्यापेक्षा लांब, आम्ही केला होता तसा, आणि सर्वांत सोपा प्रश्न शोधून तिथून सुरुवात केली. त्या दिवशी फार काही सुटलं नाही. पण भीती आली, थांबली आणि कमी झाली, एवढं तिने स्वतः पाहिलं.

याच्या जोडीला मी तिला काळज्या लिहून काढायला सांगितलं होतं. परीक्षेच्या आधी दहा मिनिटं काळज्या लिहिल्या की मार्क वाढतात, असं शिकागो विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं आणि ते बरंच गाजलं. पुढे २०१८ मध्ये दुसऱ्यांनी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. मी तरीही लिहायला लावते. मार्कांसाठी म्हणून नाही. तोंडाने न सांगितलेलं कागदावर उतरतं, म्हणून.

शर्वरीचा कागद असा होता. 'नापास झाले तर फ्लेक्सवर सगळ्यांचे फोटो येतील, माझा नसेल.' खाली: 'ऑनलाइनमध्ये लांबचं कॉलेज लागलं तर?' मग: 'सायन्स कोणी ठरवलं?' आणि अगदी कोपऱ्यात, बारीक अक्षरात: 'आजीला सुई कोण देणार?'

आजीला मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळचं इन्सुलिन शर्वरी देते. यंत्रावरचा आकडा वहीत लिहून ठेवते, डॉक्टरांनी ठरवून दिलेलं माप घेते, सुईची जागा रोज बदलते. तिच्या आईला सुई बघितली की चक्कर येते. आणि ऑक्टोबरात कधीतरी बाबा फोनवर आत्याला म्हणत होते, "दहावी झाली की पाठवतो तिला तुझ्याकडे, अकरावी सायन्सला." हे तिने ओटीवरून ऐकलं होतं. जिना तिथून आला होता.

फ्लेक्सचं आधी बघू, कारण हे आपल्याकडचं खास दुखणं आहे. कोकण विभाग निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिला. २०२५ चा दहावीचा निकाल ९८.८२ टक्के. आपण त्याचा अभिमान बाळगतो, बाळगावाच. पण शंभरातली जेमतेम सव्वा पोरं नापास होतात, तिथे त्यातलं एक होण्याची लाज केवढी मोठी, याचा विचार कुणी करत नाही. शर्वरीला मी सरळ माहिती दिली. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या अटीवर, अकरावीला प्रवेश मिळतो. जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, वर्ष वाया जात नाही. हे सांगितलं की पोरं ढिली पडतात, असं पालकांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. खाली जमीन आहे असं कळलं की मूल पाय टाकायला तयार होतं.

ऑनलाइन प्रवेशाची धास्ती समजण्यासारखी होती. २०२५ मध्ये अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन झाले. निकाल १३ मे रोजी लागला आणि पहिली यादी यायला जूनचा शेवट उजाडला. त्या दीड महिन्यात शर्वरीच्या चुलतभावाच्या घरी रोज नवी अफवा. तेच तिच्या डोक्यात बसलेलं. आम्ही गेल्या वर्षीचे नियम काढून वाचले. पसंतीक्रमात दहापर्यंत कॉलेजं लिहिता येतात आणि नियमित फेऱ्यांत आपण जे लिहिलेलंच नाही ते कॉलेज लागत नाही. पहिल्या पसंतीचं मिळालं तर मात्र ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्या हुकतात. म्हणजे एक नंबरला काय लिहायचं यावर घरात बोलणं झालंच पाहिजे. यंदाचे नियम आले की तेही असेच एकत्र वाचायचे, असं ठरलं.

राहिले बाबा. मोहोराच्या दिवसांत बागायतदाराला माझ्यासमोर आणून बसवणं सोपं नाही, फवारणीची गडबड. आले तेव्हाही लक्ष घड्याळाकडे. मी विचारलं, "यंदा वाशीला पेटीला काय भाव मिळेल?"

"आता कसं सांगणार मॅडम? अजून फळ धरायचंय."

"मग फवारणी थांबवलीत?"

"ती थांबवून कसं चालेल?"

"तेवढंच हिला सांगा. काय ठरलंय, काय ठरायचंय आणि कधी ठरणार."

ते पोरीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कोल्हापूरचं मी नुसतं ताईला विचारून ठेवलं होतं. ठरवलं कुठे होतं?"

चार महिने ती मुलगी मनातल्या मनात कोल्हापूरकडे जाणारा अणुस्कुरा घाट चढत होती आणि घरात काही ठरलेलंच नव्हतं. मोठी माणसं अर्धवट ठरलेलं पोरांपासून लपवतात, त्यांना त्रास नको म्हणून. पोरं उरलेला अर्धा स्वतः भरतात, आणि ती भरतात तो नेहमी वाईटच असतो.

त्या बैठकीत सगळं काही सुटलं नाही. सायन्स की कॉमर्स यावर बापलेकीचं अजूनही जमलेलं नाही आणि आईला मुलगी गावाजवळच हवी आहे. पण तीन गोष्टी झाल्या. शाखा आणि कॉलेज निकालानंतर, तिघांनी बसून ठरवायचं. तोवर आत्याशी त्या विषयावर फोन नाही. आणि आजीची सुई आईने शिकायची. आशाताईंनी, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेने, घरी येऊन दाखवलं. पहिल्या संध्याकाळी आईचा हात थरथरत होता, तेव्हा आजीच म्हणाली, "टोच गो, माझ्या सुईपायी पोरीची शाळा नको अडवू."

आणि शिमगा! यंदा तो दहावीच्या परीक्षेच्या ऐन मध्यात आला. पालखी घरी आली ती एका पेपराच्या आदल्या संध्याकाळी. बाबांचं म्हणणं, हिने खोलीतून बाहेर पडायचं नाही. मी म्हटलं, ढोल दारात वाजत असताना कोणतं पोर वाचणार आहे? तास-दीड तास जाऊ दे, मग जेवून झोपू दे. मला पालखीपेक्षा चाकरमान्यांची भीती जास्त. मुंबईहून उतरलेला प्रत्येक काका बॅग ठेवायच्या आधी विचारतो, "काय गो, किती टक्के?" त्यांना दारातच अडवायचं काम आईने अंगावर घेतलं आणि चोख केलं.

बीजगणिताच्या पेपराला पोटात दुखलंच. एक गणित तिने जमत नाही म्हणून सोडलं आणि पुढे गेली. बाहेर येऊन बाईंना म्हणाली, "सोडलं, पण मुद्दाम सोडलं." मार्क किती पडतील मला माहीत नाही.

ज्या आईने प्रश्न विचारला, त्यांच्या घरी कोल्हापूरची आत्या नसेल, आणखी काही असेल. कर्ज असेल, आजारपण असेल, मोठ्या भावाचं नीटसाठी थांबलेलं वर्ष असेल. 'अभ्यास झाला का?' हे तुम्ही रोज विचारता. एकदा, शक्यतो भांडी घासताना किंवा गाडीवर मागे बसलेली असताना, म्हणजे समोरासमोर डोळ्यात न बघता, विचारा: "दहावीनंतरचं तुला कसलं टेन्शन येतं?" उत्तर आलं की लगेच 'होईल सगळं नीट' म्हणू नका. त्याने बोलणं तिथेच संपतं. जे ठरलेलं नाही ते ठरलेलं नाही, एवढं सांगितलं तरी चालतं.

एक मात्र वेगळं काढून सांगते. जेवण तुटलंय, मैत्रिणी सोडल्यात, स्वतःला इजा करून घेते, 'मी नसले तर बरं' असं बोलते, यातलं काही दिसलं तर गप्पांवर थांबू नका. 'जीव द्यावासा वाटतो का?' हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मूल बोलतं होतं. तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाला दाखवा, जिल्हा रुग्णालयात विचारा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास, मोफत, मराठीत चालतो.

शर्वरीचा निकाल अजून लागायचा आहे. त्या दिवसाचंही तिने ठरवून घेतलंय. दुपारी मोबाइलवर आधी ती एकटी बघणार, मग आईबाबांना सांगणार, स्टेटसला काही टाकायचं नाही. आत्याला फोन संध्याकाळी, आणि तो तीच करणार.