फेब्रुवारीत डुब्रोव्हनिकला जावं का?

प्रश्न: मी आणि हे फेब्रुवारीत मुलीकडे म्युनिकला चाललोय, तिथून तीनचार दिवस क्रोएशियात डुब्रोव्हनिकला जायचं मनात आहे. धावपळ नको, नुसतं निवांत राहायचंय. पण जावई म्हणतात ऑफ सीझनला तिथे सगळं बंद, कशाला जाताय. यांचे गुडघे दुखतात आणि आम्ही दोघं शाकाहारी. काय करावं?
(एक वाचक, पुणे)

उत्तर: ताई, बिनधास्त जा. जावईबापू अगदीच चूक नाहीत हं, हिवाळ्यात बरीच रेस्टॉरंट्स बंद असतात, समोरच्या लोक्रुम बेटाची बोटही बंद असते. पण तुम्हाला निवांतपणाच हवाय ना, मग तो तिथे याच दिवसांत मिळतो. उन्हाळ्यात क्रूझची माणसं उतरली की स्त्रादुनवर, म्हणजे जुन्या शहरातल्या मुख्य रस्त्यावर, पाय ठेवायला जागा नसते. फेब्रुवारीत तिथे गावातले लोक कॉफी घेऊन तासन् तास गप्पा मारत बसलेले दिसतात, मला तरी हेच खरं डुब्रोव्हनिक वाटतं.

जमलं तर ३ फेब्रुवारी गाठाच. त्या दिवशी गावाच्या रक्षक संताचा, स्वेती व्लाहोचा उत्सव असतो, म्हणजे सेंट ब्लेझ. आसपासच्या खेड्यांतले लोक पारंपरिक कपड्यात निशाणं घेऊन येतात, मिरवणूक निघते, आणि पाद्री गळ्याजवळ दोन मेणबत्त्या धरून घशाचे आजार होऊ नयेत म्हणून आशीर्वाद देतात. ९७२ पासून हे चालत आलंय असं मानतात. आपल्या गोव्यात गवंडाळीला साव ब्राझचं चर्च आहे ना, तो हाच संत, आणि ते चर्च डुब्रोव्हनिकच्या, तेव्हाच्या रगुसाच्या, व्यापाऱ्यांनी बांधलं असं सांगतात. त्या दिवशी मात्र गर्दी असते, शांतता हवी तर दुसऱ्या दिवसापासून.

आता गुडघ्यांचं. तटबंदीचा फेरा जवळजवळ २ किलोमीटरचा आणि पायऱ्याच पायऱ्या, एकदा वर चढलं की एकाच दिशेने चालायचं, त्यामुळे यांना तो आग्रह करू नका. यांना जुन्या बंदराच्या टोकाला पोर्पोरेला म्हणून धक्का आहे तिथे उन्हात बसवा, सपाट आहे, समोर समुद्र. तुम्ही मात्र वर जाच, हिवाळ्यात तिकीटही स्वस्त असतं. वरून कौलं नीट बघा, काही फिकट जुनी आणि बाकी सगळी भडक केशरी. ती केशरी बहुतेक १९९१-९२ च्या युद्धात युगोस्लाव्ह सैन्याने घातलेल्या वेढ्यानंतर बसवलेली, ६ डिसेंबर १९९१ ला तर जुन्या शहरावर दिवसभर तोफगोळे पडत होते. ज्या शहराचं नाव १९७९ पासून जागतिक वारशाच्या यादीत होतं त्याच्यावर. हे माहीत असलं की त्या छपरांकडे नुसता फोटो काढून पुढे जाववत नाही.

राहायचं तटबंदीच्या आत, पण बुक करताना किती पायऱ्या आहेत ते विचारूनच घ्या कारण आतल्या गल्ल्या म्हणजे जिनेच आहेत आणि बॅगा आपल्यालाच उचलाव्या लागतात. स्त्रादुनची फरशी झिजून गुळगुळीत झालीये, पावसात प्रचंड घसरते, रबरी तळाचे बूट न्या. थंडी दुपारी १०-१२ डिग्रीच्या आसपास, पण वारा बोचतो. बुरा म्हणजे उत्तरेकडून येणारा गार कोरडा वारा, त्यात आकाश स्वच्छ असतं. युगो दक्षिणेकडून येतो, दमट, ढगाळ, डोकं जड करणारा. जुन्या रगुसा प्रजासत्ताकात युगो वाहत असताना महत्त्वाचे निर्णय घेत नसत असं तिथले लोक सांगतात, तसा दिवस आला तर तुम्हीही काही ठरवू नका, मस्त झोपा!

जेवणाचं, ब्लित्वा मागा, पालेभाजी आणि बटाटा, लसूण आणि ऑलिव्ह तेल घातलेला, आपल्याला आवडतो. गुंदुलिच चौकात सकाळी भाजीबाजार भरतो, तिथे साखरेत घोळवलेली संत्र्याची सालं मिळतात. किचन असलेली खोली घ्या म्हणजे वरणभाताचीही सोय होईल.

वेगळा व्हिसा लागत नाही, १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि तेव्हापासून युरोच चालतो. जर्मनीत जास्त दिवस राहणार म्हणजे अर्ज जर्मनीकडेच. फक्त हिवाळ्यात विमानं कमी असतात, बरेचदा झाग्रेबला बदलावं लागतं, तेवढी तिकिटं मुलीला आधी बघायला सांगा, मग हॉटेल.