मीटर म्हणतो ५८, खिडकी म्हणते वेगळंच

(आवाजाविषयी वाचकांनी पाठवलेले प्रश्न. उत्तरं देणारे कुडाळ-मालवण पट्ट्यात दशावतार, भजनं आणि जत्रांना माईक-स्पीकर लावतात.)

प्रश्न : खाडीपलीकडच्या वाडीत हळदीला डीजे होता. रात्री अकराला आमच्या खिडकीच्या काचा थरथरत होत्या, आईला झोप लागेना. मोबाईलच्या अ‍ॅपवर आकडा मात्र ५८ च्या वर जाईना. आमच्याच पडवीतलं भजन मोजलं तर ७५! त्याचा कुणालाच त्रास होत नाही. अ‍ॅप बिघडलंय का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : अ‍ॅपला फार दोष देऊ नका. मीटरवरच्या आकड्यामागे बहुतेक वेळा 'ए' हे अक्षर असतं, तुमच्या अ‍ॅपवरही असेल. सगळी मेख त्यात आहे.

आपला कान सगळ्या आवाजांना सारखा तिखट नाही. दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात त्याला सगळ्यांत चांगलं ऐकू येतं. (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं; आकडा जितका मोठा, स्वर तितका उंच.) कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची, तिच्यात तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज घुमतो आणि वाढून पडद्यावर पोचतो. झांज शंभर माणसांच्या गलक्यातूनही वर येते ती यामुळे. खालच्या घुमाऱ्याच्या, म्हणजे बेसच्या बाबतीत मात्र कान मठ्ठ.

१९३३ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी लोकांच्या कानांना हेडफोन लावून हे मोजलं. कुठला स्वर किती जोरात वाजवला की तो हजार हर्ट्झच्या स्वराइतकाच मोठा वाटतो, याच्या रेषा काढल्या. त्यातल्या बारीक म्हणजे हळू आवाजाच्या, ४० डेसिबलच्या (डेसिबल हे आवाजाच्या जोराचं माप) रेषेवरून पुढे मीटरची 'ए' चाळणी बेतली गेली. ही चाळणी ५० हर्ट्झचा आवाज ३० डेसिबलनी कापून दाखवते. समजा तुमच्या खिडकीवर बेसचे ८८ डेसिबल आदळताहेत, तर आकडा येणार ५८. बारीक आवाजासाठी बेतलेली चाळणी आपण डीजेला लावतो, आणि मोठ्या आवाजात कान बेसला एवढा मठ्ठ राहत नाही, हे त्याच रेषांमध्ये दिसतं. शिवाय फोनचा माईक माणसाच्या बोलण्यासाठी केलेला; वाऱ्याची घरघर नको म्हणून कित्येक फोन खालचा आवाज आधीच छाटतात.

त्यात खाडीची भर. रात्री पाण्यालगत गार हवा आणि वर उबदार थर असला की वर निसटणारा आवाज वाकून परत खाली येतो. वाटेत गाण्याचे शब्द विरतात, बेस विरत नाही. चिऱ्याची भिंतसुद्धा बोलणं अडवते, पण त्या धुमधुमीपुढे तिचं फारसं चालत नाही. आईला ऐकू येत होतं ते गाणं नव्हेच, नुसते ठोके.

अ‍ॅपमध्ये 'सी' निवडायची सोय असेल तर दोन्हीवर मोजून पाहा. 'सी' चाळणी बेस जवळजवळ जसाच्या तसा मोजते. दोन आकड्यांत पंधरा-वीसचा फरक दिसला तर गुन्हेगार बेसच. पण तक्रारीला जाताना आकडा घेऊन भांडू नका, घड्याळ घेऊन भांडा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत वस्तीसाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे, म्हणजे तुमचा ५८ सुद्धा बाहेरच. आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावताच येत नाही. सणासुदीला सरकार सूट देतं ती वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस, तीही १२ पर्यंत. कुणाच्या घरची हळद त्यात बसत नाही.

हो, रात्रीच्या त्या नियमात नुसती वाद्यंही येतात. पडवी उघडी असेल तर भजनही दहाला आवरतं घ्या, नाहीतर पलीकडची वाडी हेच पान तुम्हाला दाखवेल.

प्रश्न : मंडळाने ५०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर देऊन १००० चा घेतला. आवाज दुप्पट का होईना?
– भजन मंडळाचे एक सदस्य, सावंतवाडी

उत्तर : वॉट दुप्पट म्हणजे फक्त ३ डेसिबल वाढ. लक्ष देऊन ऐकलं तर कळते, एवढीच. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. पैसे घालवण्याआधी कर्णे श्रोत्यांच्या जवळ आणा. उघड्या मैदानात अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल फुकटात मिळतात. (हे सांगून माझाच धंदा मी बुडवतोय.)

प्रश्न : माझे यजमान कित्येक वर्षं ट्रॉलरवर इंजिन बघतात. हळू बोललं तर त्यांना ऐकू येत नाही, जरा मोठ्यानं बोललं की म्हणतात, "ओरडतेस कशाला?" हा कानाचा दोष की स्वभावाचा?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : ताई, स्वभावाचं तुम्ही जाणा, पण हे लक्षण कानाचंच आहे. आतल्या कानात केसांसारख्या पेशी असतात. त्यातल्या काहींचं काम बारीक आवाज वाढवून देणं. इंजिनाच्या धडाक्यानं त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. मग हळू आवाज पोचत नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा लागतो. ऐकू येणं आणि सहन न होणं यांतलं अंतरच कमी होतं. नुकसानीची सुरुवात बहुधा चार हजार हर्ट्झच्या आसपास होते, त्यामुळे 'स', 'श', 'फ' निसटतात. हाक कळते, बोलणं कळत नाही.

कामाच्या जागी ८५ डेसिबलमध्ये आठ तास ही मर्यादा धरतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा : ८८ ला चार तास, ९४ ला एकच. शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं तिथे ८५ केव्हाच ओलांडलेले असतात. ते अजून बोटीवर जात असतील तर कानात घालायचे स्पंजाचे बोळे द्या. कापसानं काही होत नाही.

कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. यंत्र लागलंच तर बारीक आवाज जास्त आणि मोठा आवाज कमी वाढवणारंच मागा. सगळं सरसकट मोठं करणारं स्वस्त यंत्र कुकरच्या शिट्टीला ते काढून फेकतील. आणि स्वयंपाकघरातून हाका मारू नका. समोर येऊन, चेहरा दिसेल असं, नेहमीच्याच आवाजात सावकाश बोला.