अख्ख्या उपग्रहाचा हट्ट सोड

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजातच अख्खा क्यूबसॅट, म्हणजे डब्याएवढा छोटा उपग्रह, बनवायचा म्हणतेस. बनव, पण अख्ख्याचा हट्ट सोड. एक उपकरण धर आणि त्यात मुरून जा.

इन्स्पायरसॅट-१ हा छोटा उपग्रह बघ. वजन जेमतेम ८ किलो. १४ फेब्रुवारी २०२२ ला पीएसएलव्ही-सी५२ वरून गेला. सूर्याचे क्ष-किरण मोजणारं उपकरण कोलोरॅडो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचं, आयनावरण (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) मोजणारं तैवानचं, आपल्याकडून तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही अंतराळ शिक्षणसंस्था, शिवाय सिंगापूरचं नानयांग विद्यापीठ. अशा कामात गाडी अडते ती सांध्यांवर, म्हणजे एकाचं उपकरण दुसऱ्याच्याला जोडतात तिथे. कुठल्या पिनेवर किती व्होल्ट, डेटा कुठल्या क्रमानं, कंपन चाचणी कोण करणार, हे सगळं आयसीडी (इंटरफेस कंट्रोल डॉक्युमेंट) नावाच्या कागदात आधी लिहावं लागतं. साक्रीकडच्या फड सिंचनात शेतांना पाण्याची पाळी ठरलेली असते ना, तसंच. आपल्या पोरांना सोल्डरिंग आवडतं, लिहायचं म्हटलं की जिवावर येतं. तू लिहायला शिक.

एवढे देश कशाला? उपग्रह एका वेळी एकाच जागचं मोजतो, सौर वादळ मात्र पृथ्वीभर पसरतं. बेल्जियमच्या फॉन कारमन संस्थेच्या क्यूबी५० प्रकल्पात २०१७ मध्ये ३६ क्यूबसॅट गेले, पैकी ८ आपल्या पीएसएलव्हीवरून. त्यातले काही वर जाऊन बोललेच नाहीत, ते सोड. पण प्रत्येकाचं माप वेगळं लागलं, तर बोलणाऱ्यांचे आकडेही एकत्र बसत नाहीत. म्हणून कॅलिब्रेशन, म्हणजे सगळ्यांची मापं एकाच प्रमाणाशी जुळवून घेणं.

आणि खान्देशात बसून काय करणार, असं म्हणू नकोस. चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे जिथे पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जमिनीला समांतर असतात ती रेषा, देशाच्या दक्षिण टोकाजवळून जातं. दिवसा तिथलं आयनावरण वर उचललं जातं आणि चुंबकीय रेषांवरून उतरत दोन्ही बाजूंना साचतं. उत्तरेकडचा तो दाट पट्टा गुजरात-माळव्याच्या आसपास, म्हणजे रावेर-यावलच्या उशाशीच. सूर्य मावळल्यावर विषुववृत्तावरच्या आयनावरणात विरळ बुडबुडे उठतात, ते या पट्ट्यापर्यंत पसरतात आणि जीपीएस गंडतं. कॉलेजच्या गच्चीवर दोन फ्रिक्वेन्सींचा जीपीएस रिसीव्हर बसवलास, तर वरून जाणाऱ्या उपग्रहाचे आकडे खालून ताडून बघता येतील. अशा नोंदी परदेशातल्या टीमलाही हव्याच असतात.

फक्त मे महिना लक्षात ठेव. रिसीव्हरची डबी पत्र्याखाली ठेवू नकोस, अँटेना तेवढी उघड्यावर. वेळ यूटीसीतच (जागतिक प्रमाणवेळेत) लिही, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. अँटेना हातभर सरकवलीस तरी वहीत नोंद कर. पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत इंटर्नशिपला अर्ज करशील, तेव्हा ही नोंदवही सोबत जोड. त्याआधी पहिल्या महिन्याच्या फाइल मला पाठव.

तुझे सर